स्कूटरवरची विहीण

“मॅडम, पारंपरिक गाण्यात स्कूटर कशी काय आली?”

मुंबईच्या कंपनीतल्या सोनियानं फोनवर हे अगदी सहज विचारलं, आणि गारखेड्यातल्या आपल्या स्टुडिओत सकाळचा दुसरा चहा पीत बसलेल्या संध्याला आधी हसूच आलं. मुलगी चौकस होती. गाणं बाजारात जाण्याआधी त्याचे हक्क कोणाकडे आहेत ते तपासणं हेच तिचं काम, आणि ते ती मन लावून करायची. संध्याच्या नव्या अल्बममधली सगळी गाणी मराठवाड्यातल्या लग्नघरांमधली होती. हळदीची, रुखवताची, पाठवणीची. आणि प्रत्येक गाण्यापुढे संध्यानं एकच मजकूर भरून पाठवला होता. गीत पारंपरिक, संगीत पारंपरिक, संगीत संयोजन संध्या. त्यातलंच हे विहिणीचं गाणं. लग्नाच्या पंगतीत मुलाची आई जेवायला बसली की मुलीकडच्या बायकांनी तिचं नाव घेऊन तिला चिडवायचं आणि तिनं ते हसून ऐकून घ्यायचं, अशी रीत. सोनियाचं म्हणणं एवढंच होतं की ज्या गाण्यात स्कूटर आहे ते काही पणजीच्या काळातलं नसणार. रचणारी बाई अजून हयातही असू शकते. असली तर तिची परवानगी हवी, आणि शब्दांची नि चालीची, दोन्हींची रॉयल्टी तिच्या नावावर जाणार. “तुम्ही फक्त एकदा कन्फर्म करा, पारंपरिकच आहे म्हणून. म्हणजे मी पुढं पाठवते.” संध्या म्हणाली, कळवते. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण ‘कळवते’ म्हणालो. एरवी ती जागच्या जागी उत्तर देऊन मोकळी होणारी बाई.

हा तिचा बाणा उगाच नव्हता. वडिलांच्या लाऊडस्पीकरच्या दुकानातून तिनं हा स्टुडिओ उभा केला होता, कोणापुढे हात न पसरता. बाईला मिक्सिंगमधलं काय कळतं असं म्हणणारे आता आपापली भावगीतं घेऊन तिच्याच दारात येत आणि बाहेर चपला काढून बसत. आवाज कानावर पडला की त्यात काय कमी आहे ते तिला भाजीतल्या मिठासारखं कळायचं. हक्कांचा कायदाही तिनं दुसऱ्याच्या भरवशावर न राहता स्वतः वाचून काढला होता. गाणं लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा, चाल बांधणाऱ्याचा वेगळा, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा आणखी वेगळा. आणि गाणं कोणाचंच नसलं, तर ते नव्यानं सजवणाऱ्याचं नाव तेवढं त्यावर उरतं. ‘पारंपरिक’ हा शब्द म्हणूनच तिला आवडायचा. ऐसपैस शब्द. रिकाम्या धर्मशाळेत जाऊन आपली सतरंजी अंथरावी, कोणी ऊठ म्हणायला येत नाही. हे तिनं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात होतं खरं, आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. ही गाणी म्हणणाऱ्या बायका थकत चालल्या होत्या, मांडवात डीजे आले होते. आपण ही गाणी राखली, मग आपलं नाव लागलं तर बिघडलं कुठं, असा तिचा रोखठोक हिशेब होता.

त्यातही हे विहिणीचं गाणं तिचं सगळ्यात लाडकं. ते सुरू होताना ढोलकीवर दोन रिकाम्या थापा पडतात. एक थाप, मग काहीच नाही. दुसरी थाप, पुन्हा काहीच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, वाजवणारा चुकला. आणि मग ठेका जो धरतो तो शेवटपर्यंत सोडत नाही. ढोलकीवाल्या साकिबला हे आधी जमेचना, कारण मोकळी जागा दिसली की त्याचा हात आपोआप ती भरून टाकायचा. संध्यानं टेबलावर तळहातानं वाजवून दाखवलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “मॅडम, ये तो स्कूटरकू किक मारनेका हिसाब है. दो बार बंद, तिसरी बार चालू.” संध्याच्या अंगावर आनंदानं काटा आला होता. शब्दांत स्कूटर, म्हणून ठेक्यातही स्कूटर. आणि हे सुचलं कोणाला? मला. त्या संध्याकाळी घरी जाताना ती गाडीत एकटीच हसत होती. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांच्या गाण्यांची काजबटणं केली होती, शिवून, इस्त्री करून परत दिली होती. ही दोन थापांची जागा मात्र तिची स्वतःची होती. चाळिशी उलटल्यावर एका बाईला पहिल्यांदा काहीतरी सुचलं होतं, आणि ते चांगलं होतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

सोनियाला कळवायचं तर एकदा ऐकून कळवू, म्हणून तिनं हेडफोन कानांवर चढवले आणि गाणं सुरू केलं.

आली विहीण स्कूटरवरी, धुराळा उडं गं
पदर सावर ठकूबाई, गाव सारं बघं गं
वाढला भात, वाढलं तूप, नाक तरी मुरडं गं
सांग सांग ठकूबाई, पोट कशानं भरं गं

ठकूबाई हे नाव संध्याच्याच पसंतीचं. ज्या लग्नात म्हणायचं तिथल्या विहिणीचं नाव त्या जागी घालायचं असतं. अल्बममध्ये कोणा खऱ्या बाईचा अपमान नको, म्हणून तिनं असं हवेतलं नाव घेतलं होतं. तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. पहिली थाप पडली, आणि संध्याच्या नाकात तापलेल्या ॲम्प्लिफायरचा वास आला. धूळ, गरम पत्रा, आणि त्यात कुठून तरी बुंदीच्या तुपाचा. तिनं डोळे उघडून पाहिलं. स्टुडिओतला एसी चालू होता, समोर पडद्यावर हिरव्या रेघा हलत होत्या, आणि तरी वास जाईना. दुसरी थाप पडली. ती ढोलकीची नव्हती. ती पितळेच्या थाळीची होती. आपल्याच कानांनी ऐकलेल्या ढोलकीच्या आत तिला थाळी ऐकू येत होती, आणि थाळीवर पालथा पडणारा एक रुंद, बांगड्यांनी भरलेला हात दिसत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा तिला लग्नांना सोबत नेत. बाबांचं काम मांडवात कर्णे लावायचं आणि तिचं काम मशीनजवळच्या खोक्यावर बसून कशालाही हात न लावण्याचं. ती चौथीत असावी. गाव पाचोड. वऱ्हाड शेंद्र्याचं. वऱ्हाडातली बाकीची माणसं ट्रकमधून आली होती, पण मुलाची आई नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसून आली होती, आणि तेव्हाच्या पाचोडात तेवढी एक गोष्ट अख्खं गाव वेशीपर्यंत गोळा व्हायला पुरेशी होती. मग पंगत बसली. मुलीची आई वाढता वाढता थांबली. मंगलाष्टकांचा माइक तिथंच पडलेला, तो कोणीतरी गमतीनं तिच्या तोंडासमोर धरला. तोवर विहिणीची गाणी कोणी माइकवर म्हटलेली नव्हती. ती पंगतीपुरती, तोंडातल्या तोंडात हसत म्हणायची. त्या बाईनं एक थाळी पालथी घेतली. एक थाप मारली आणि थांबली. बायका बघतच राहिल्या. दुसरी थाप मारली, पुन्हा थांबली. आणि मग ती जी सुटली, ती कर्ण्यातून, लिंबाच्या झाडावरून, सगळ्या गावावरून गेली. पुरुषांच्या पंगतीत लोक घास हातात धरून हसले. संध्याही हसली होती, खोक्यावरून पडेपर्यंत.

आणि मग ती दुसरी बाई, जिच्यावर गाणं होतं ती, पत्रावळीवरून उठली. हे संध्या विसरली होती, की विसरून बरं वाटावं म्हणून मनानं ते कुठंतरी मागे सारून ठेवलं होतं, कोण जाणे. बाईच्या हाताला भात लागलेला तसाच होता. विहीण जेवल्याशिवाय उठली म्हणजे काय, हे चौथीतल्या मुलीलाही कळत होतं. मुलगी दारात उभी राहील आणि वरात माघारी जाईल. बाबांचा हात बटणावर होता, पण त्यांनी ते दाबलं नाही. म्हणून मुलीच्या आईचा पुढचा आवाजही कर्ण्यातूनच आला. लेकीच्या हळदीची आण, विहीणबाई, गाणं माझं नाय, माझ्या आजीच्या येळचं हाय, रीतीपरमानं नाव तेवढं तुमचं घातलं. पूर्वी त्यात छकडा होता, आता स्कूटर म्हटलं. विहीण थोडा वेळ उभी राहिली आणि मग खाली बसली. सगळ्या मांडवानं श्वास सोडलेला संध्याला आठवला, तोही कर्ण्यातून ऐकू आल्यासारखा.

पुढचं तर तिला माहीतच होतं, फक्त हे आणि ते एकच आहे हे आजवर कधी जुळलं नव्हतं. बाबांनी ते गाणं टेप करून घेतलं होतं. पुढच्या लग्नांत, पाहुणे येईपर्यंत काहीतरी वाजत राहावं म्हणून, सनईच्या मागे ते तीच कॅसेट लावत. बायका ऐकत, हसत, शब्द नि चाल शिकून घेत, थापा सोडून देत आणि आपापल्या विहिणीचं नाव घालत. गाणं पैठणला गेलं, अंबडला गेलं, जालन्याला गेलं. अकरावीत असताना जालन्याच्या एका लग्नात एका म्हातारीनं संध्याला ठासून सांगितलं होतं की हे गाणं तिच्या सासूच्या सासूनं केलं. संध्यानं ते मानलंही. म्हणजे ती आण नुसती वेळ मारून नेण्यासाठी होती, आणि परंपरा आपल्याच घरातून, बाबांच्या त्या खरखरत्या टेपरेकॉर्डरमधून सुरू झाली होती, आणि आता आपणच तिच्यावर शिक्का मारून देत होतो. आणि ती दोन थापांची जागा! माझं डोकं म्हणे. ती थाळी इतकी वर्षं डोक्यात वाजत होती, आणि त्या दिवशी टेबलावर आपला हात नुसता तिच्या मागे गेला. संध्याला राग आला. कोणावर ते तिला कळेना, म्हणून ती सोनियावर रागावली. एवढ्या गाण्यांतून या पोरीला नेमकी स्कूटरच दिसायची होती.

तरी ती बसून राहिली नाही. बाबांच्या सोबतीनं झाडांवर कर्णे बांधणारे नूरमोहम्मदचाचा अजून शहागंजात होते, आणि त्यांना कोणत्या मांडवात कुठलं झाड होतं तेही आठवायचं. त्यांनी फोनवर विचारही केला नाही. “पाचोडवाली मनकर्णाबाई? वो अब पाचोडमें कां रहती. मरद गुजरे बाद बेटीके घर, शेंद्र्याकू.” बेटीच्या घरी म्हणजे त्याच विहिणीच्या घरी. संध्यानं गाडी काढली.

चिकलठाणा मागे पडलं, कंपन्यांच्या बसगाड्या शिफ्ट उतरवून परत येत होत्या, आणि संध्या स्वतःशी अगदी स्वच्छ बोलत होती. आपल्याला काय हवंय? ती बाई नसावी असं हवंय का? नाही, इतके वाईट नाही आपण. असावी, पण तिनं म्हणावं की गाणं जुनंच आहे. पंगतीत आण घेऊन म्हणाली होती तसंच पुन्हा म्हणावं. मग आपल्या डोक्यातली थाळी ही फक्त आपल्याच डोक्यातली राहील, आणि तिचा जबाब कायद्यापुढे आपल्या आठवणीपेक्षा मोठा. हे सगळं तिला इतकं पटलं की गाडीचा वेग वाढला. आणि तिथंच तिला खटकलं. एखादी गोष्ट बरोबर असताना आपल्याला ती इतक्या वेळा पटवून द्यावी लागत नाही, एवढं तिला स्वतःबद्दल माहीत होतं.

घर स्लॅबचं, पुढे अंगण, अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या. दार उघडणारी निशा, म्हणजे त्या लग्नातली नवरी, आता डोक्यात रुपेरी बटा आलेली, दोन मोठ्या मुलांची आई. लाऊडस्पीकरवाल्याची मुलगी म्हटल्यावर तिनं हात धरून आत घेतलं, अंगणात चटई टाकली, ही आई म्हणून शेंगा सोलणाऱ्या म्हातारीकडे बोट केलं, सासूबाई आत पडल्यात म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मनकर्णाबाई वाळून अर्ध्या झाल्या होत्या, पण हात तोच होता, रुंद. संध्यानं सगळं नीट सांगितलं. अल्बम काय, कंपनी काय, गाणं कोणाचं हे विचारावं का लागतं, आणि ज्याचं असेल त्याला ते वाजेल तेव्हा त्याचा वाटा कसा मिळतो. मनकर्णाबाई शेंगा सोलता सोलता ऐकत होत्या. ऐकून म्हणाल्या, “जुनं हाय ते. आजीच्या येळचं.”

झालं. संध्याला जे हवं होतं ते एका वाक्यात, मोकळ्या अंगणात, मागितल्याशिवाय मिळालं होतं. आता उठावं, चहा घ्यावा, सोनियाला फोन करावा. पण तिच्या तोंडून निघालं, “मावशी, मी तिथं होते. मशीनजवळ.”

मनकर्णाबाईंचा हात थांबला. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, मग चटईवर पुढे सरकल्या आणि आवाज खाली आणला. “मंग तुला ठावंच हाय की. लेकीच्या हळदीची आण घेतली म्या, खोटी. त्या आणंवर लेक नांदली, दोन लेकरं झाली. थोरल्याला ताप आला तर मला वाटायचं, माझ्या आणंचाच ताप. आन् आता ह्या घरात, विहीणबाईच्या हातचं खाते म्या. कागदावर मपलं नाव आलं तर तिला कळंल. नाव नको घालू, बाई.”

“पण मग उद्या कोणीही येईल आणि त्यावर आपलं नाव लावेल.” हे संध्या म्हणाली, आणि म्हणताना तिचाच आवाज तिला हेडफोनमधून आल्यासारखा ऐकू आला.

“लावू दे की. म्हातारपणी मला तिच्यासंगं ऱ्हायचंय, गाण्यासंगं नाय.”

संध्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते सुटणं तिला आवडलं नाही. जिचं आहे तीच घे म्हणते. कायदा गप्प, कंपनी खूश, रस्ता मोकळा. असा मोकळा रस्ता आयुष्यात फार वेळा मिळत नाही. ती घासाघीस करायला, भांडायला, समजावायला तयार होऊन आली होती, आणि समोरच्या बाईनं सगळं तिच्या ओंजळीत टाकलं होतं, तेही स्वतःच्या भीतीपोटी. दुसऱ्याच्या भीतीवर आपलं नाव उभं करायचं, हे तिला अजिबात आवडलं नाही. ती भित्री नव्हती, आणि भित्र्या माणसाच्या हातून काही काढून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण नको म्हणणाऱ्या बाईचं नाव जबरीनं लावणार तरी कसं? ती नुसतीच एक शेंग उचलून सोलत बसली.

“वाजीव तरी. काय केलंस त्याचं, बघू,” मनकर्णाबाई म्हणाल्या. संध्यानं फोनवर गाणं लावलं. पहिली थाप पडायच्या आधीच म्हातारीचा हात सुपाच्या काठावर पडला होता, आणि दुसऱ्यांदाही तो बरोबर तिथंच पडला, मधली सगळी रिकामी जागा नीट राखून. संध्यानं मान खाली घातली. गाणं पुढे गेलं, ठकूबाई आली, पदर सावरून झाला, आणि आतल्या दारातून आवाज आला.

“ही ठकूबाई कोण म्हनायची?”

सारजाबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. निशाची सासू, तेव्हाची विहीण. अजूनही उंच, अजूनही ताठ. संध्यानं घाईघाईनं सांगितलं की ते आपलं असंच, बनावट नाव, कोणाला वाईट वाटू नये म्हणून.

“म्हंजी मपलं नाव काढलं,” सारजाबाई म्हणाल्या. “गाणं मपल्यावर केलं, आन् नाव ठकीचं?”

“जुनं हाय ते, विहीणबाई, म्या तव्हाच सांगितलं व्हतं…”

“गप बसा तुमी. तुमची आण खोटी हाय ते मला पत्रावळीवरच कळलं व्हतं. येशीत गाडी बंद पडली, आमच्या यांच्या दोन किका हुकल्या, सगळं गाव हसलं; त्या दोन्ही हुकल्याल्या किका तुमी थाळीवर वाजवल्या. आन् म्हनं आजीच्या येळचं.”

मनकर्णाबाईंच्या हातातून शेंग पडली. त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि मग त्यांनी त्यावर पदर धरला. पदरामागून शब्द आले. “कळलं व्हतं, तर बसलात कामून?”

“उठून गेले असते तर पोराचं लगीन मोडलं असतं.” सारजाबाई सावकाश खाली बसल्या, गुडघा धरून, चटईच्या दुसऱ्या टोकाला. “आन् खरं सांगू का, राग लई आला, पर गाणं चांगलं व्हतं. म्हनलं, पुढचं ऐकावं.”

निशा चहाचे कप घेऊन दारात उभी होती ती तशीच उभी राहिली. मनकर्णाबाई रडत होत्या. त्या रडण्यात दुःख नव्हतं, पण नुसता आनंदही नव्हता. इतकी वर्षं प्रत्येक सणाला, प्रत्येक आजारपणात, प्रत्येक घासाला जे धाक म्हणून बाळगलं त्याची मुळात गरजच नव्हती, याचा त्यांना भयंकर संताप आला असावा. एकदा सांगायचं तरी, एवढंच त्या म्हणत राहिल्या. सारजाबाई म्हणाल्या, तुमी कुठं इचारलं. संध्याला वाटलं, आपण इथं नको होतो. आणि लगेच वाटलं, नाही, आपण तेव्हाही इथंच होतो, मशीनजवळ, आणि आताही असायलाच हवं.

“लिही हिचं नाव,” सारजाबाई तिला म्हणाल्या. “आन् गाण्यात मपलं घाल. ती ठकी काढ आधी.”

संध्यानं मनकर्णाबाईंकडे पाहिलं. परवानगी त्यांची हवी होती, दुसऱ्या कोणाची चालणार नव्हती. त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, “लिही.”

सोनियाला फोन तिथूनच लागला, स्पीकरवर, दोघी म्हाताऱ्या कान देऊन ऐकत असताना. संध्यानं नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं की गीत मनकर्णाबाई, संगीत मनकर्णाबाई, परवानगीचे कागद ती स्वतः सही करून घेणार, आणि एका नावापायी गाणं पुन्हा गाऊन घ्यावं लागणार. सोनिया खूश झाली. मग तिनं विचारलं, “आणि मॅडम, सुरुवातीचा तो पॉज? तो तुमचा आहे म्हणाला होतात. तेवढ्यासाठी संगीताच्या श्रेयात तुमचं नाव सोबत ठेवू ना? ते चालतं.” आता संध्याला अडवणारं इथं कोणीच नव्हतं. म्हाताऱ्यांना पॉज म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं, आणि सोनियाला थाळी ठाऊक नव्हती. ती जागा सोडून देणं तिला जड गेलं. तिला ती फार आवडत होती. “नाही,” ती म्हणाली. “तोही त्यांचाच. लहानपणी मी तो ऐकला होता आणि माझा समजले होते. माझं फक्त ध्वनिमुद्रण.” फोन ठेवला तेव्हा तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. आपलं एक चांगलं काहीतरी गेलं, असंच वाटलं. पण जे बोललो ते बरोबर होतं, याबद्दल तिला शंका नव्हती.

मनकर्णाबाई तिच्याकडे बघत होत्या. रडून लाल झालेल्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्यांनी पुढ्यातलं सूप पालथं घातलं, शेंगा चटईभर झाल्या, आणि सुपावर हात पडला.

आली संध्याबाई मोटारीतनं, कानाला फोन गं
जेवली दुसरीच्या चुलीवरलं, म्हनं रांधलं कोण गं

निशा दारात फिसकन हसली. भिंतीपलीकडून शेजारणीही हसल्या. संध्याचे कान तापले, मान तापली. आत्ता, या क्षणाला, सगळं हातानं उचलून दिल्यावर, हे? गाणं तर खरं होतं, आणि म्हणूनच ते लागलं होतं. उठावं, पर्स घ्यावी आणि गाडीत बसून काच वर करावी, असं तिला खरोखर वाटलं. सारजाबाई तिच्याकडे बघत होत्या, ही आता उठते की बसते ते, पत्रावळीवरून उठलेल्या बाईच्या अधिकारानं. संध्यानं पाय आवरून मांडी घातली.

“पुढचं म्हणा, मावशी,” ती म्हणाली.